शाळेत येणं आणि शिकणं: एका प्रयोगाने वेगळ्या केलेल्या दोन गोष्टी

पश्चिम केनियातल्या बुसिया जिल्ह्यात ७५ प्राथमिक शाळा निवडल्या गेल्या. तिथे ३०,००० हून जास्त मुलं शिकत होती आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पोटात जंत होते. अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांचे सहकारी एडवर्ड मिगेल यांनी या शाळांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाला जंताच्या गोळ्या १९९८ मध्ये मिळाल्या, दुसऱ्याला १९९९ मध्ये आणि तिसऱ्याला २००१ मध्ये. सगळ्यांना एकाच वेळी देणं जमणार नव्हतंच, म्हणून क्रम असा लावला की आधी गोळ्या मिळालेल्या आणि अजून थांबलेल्या शाळांची तुलना करता यावी. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. गोळ्या मिळालेल्या शाळांतली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. परीक्षेतल्या गुणांत मात्र फरक दिसला नाही.

यातला पहिला निष्कर्ष जगभर पोचला, दुसरा फारसा कुणी सांगितला नाही. ‘जंतनाशक गोळीने शिक्षण सुधारतं’ हे वाक्य भाषणांत आणि अहवालांत इतक्या वेळा येतं की ‘शिक्षण’ या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी झाकल्या गेल्या आहेत हे लक्षातही येत नाही. एक म्हणजे मूल शाळेत येणं, दुसरी म्हणजे ते शिकणं. क्रेमर यांचं काम मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी, की त्यांनी या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या आणि जुळल्या नाहीत तेव्हा तसं छापलंही.

क्रेमर तरुणपणी केनियातल्या एका शाळेत वर्षभर शिकवत होते. पुढे अर्थशास्त्रज्ञ झाल्यावर ते त्याच भागात परतले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत त्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते दारिद्र्याच्या प्रश्नाचे लहान लहान तुकडे करून प्रत्यक्ष प्रयोगांतून उत्तरं शोधण्याच्या पद्धतीबद्दल.

आधी हजेरीचं पाहू. जंतांमुळे रक्तक्षय होतो, पोट दुखतं, मूल थकून जातं आणि घरीच पडून राहतं. गोळी घेतली की ते उठून शाळेत येतं, इतका हा सरळ मामला आहे. पण तो मोजणं सोपं नव्हतं. जंत मातीतून आणि पाण्यातून पसरतात, त्यामुळे एका मुलाने गोळी घेतली की त्याच्या शेजारच्या मुलालाही लागण कमी होते. आधीच्या बऱ्याच अभ्यासांत एकाच शाळेतल्या काही मुलांना गोळी देऊन बाकीच्यांशी तुलना केली जायची. बाकीच्यांनाही आडून फायदा होत असल्याने दोन्ही गटांतला फरक लहान दिसायचा आणि गोळीचा खरा उपयोग हिशेबातून निसटायचा. क्रेमर आणि मिगेल यांनी मुलाऐवजी अख्खी शाळा हे एकक धरलं, आणि तो निसटणारा भाग सापडला.

त्यांनी हजेरी कशी मोजली हेही सांगायला हवं. पटावर नाव असणं, हजेरीपटावर खूण असणं आणि मूल खरोखर वर्गात बसलेलं असणं, या तिन्हींत बरंच अंतर असतं. म्हणून माणसं आगाऊ न कळवता शाळेत जायची आणि कोण हजर आहे ते स्वतः पाहायची. हजेरीपटावर विसंबून राहिले असते तर या निष्कर्षाला मी एवढं वजन दिलं नसतं.

आता शिकण्याचं. मूल वर्गात आलं तर काहीतरी शिकेलच, असं कुणालाही वाटेल. पण गैरहजेरी एक चतुर्थांशाने घटणं म्हणजे वर्षाकाठी थोडे जादा दिवस, आणि ते दिवस ज्या वर्गात जातात तिथे मुलाला झेपेल असं काही चाललेलं नसेल तर दिवस भरतात, डोक्यात भर पडत नाही. हे नुसतं तर्काने म्हणत नाही. त्याच भागात क्रेमर यांचा दुसरा एक प्रयोग आधीच झालेला होता. १९९६ च्या सुमारास १०० शाळांपैकी २५ शाळांना पाठ्यपुस्तकं दिली गेली. तिथे कित्येक मुलांना मिळून एक पुस्तक होतं, त्यामुळे गुण वाढतील अशी सगळ्यांचीच अपेक्षा होती. सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीपासूनच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि बहुतेक मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा होती. पुस्तक हातात होतं, पण वाचता येत नव्हतं. जंताच्या गोळीने मुलाला त्याच वर्गात, त्याच पुस्तकांसमोर आणून बसवलं. गुण का हलले नाहीत, याचं मला पटणारं उत्तर हेच आहे.

खरी गल्लत पैशांच्या हिशेबात होते. २००४ च्या लेखात एक आकडा आहे: गोळ्यांमुळे शाळेतल्या उपस्थितीचं एक जादा वर्ष सुमारे साडेतीन डॉलरमध्ये मिळतं. शाळा बांधणं, गणवेश देणं, शिष्यवृत्ती देणं यांच्या तुलनेत हा खर्च अगदीच कमी. आकडा खोटा नाही. पण तो वाचणारा मनातल्या मनात ‘उपस्थितीचं वर्ष’ खोडून तिथे ‘शिक्षणाचं वर्ष’ लिहितो, आणि इथेच घोडं पेंड खातं. ते वर्ष हजेरीच्या दिवसांची बेरीज करून काढलेलं आहे. त्या वर्षात मूल किती शिकलं हे त्यात मोजलेलंच नाही. एका योजनेने हजेरी वाढवली आणि दुसरीने वाचन सुधारलं, तर दोघींना ‘एका वर्षामागे इतके डॉलर’ अशा एकाच तराजूत तोलता येत नाही. तसं तोललं की स्वस्त हजेरी जिंकते आणि वाचनाचा पैसा तिकडे वळतो. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण तोटा होतो तो रोज शाळेत येऊनही मागे राहिलेल्या मुलांचा, आणि कागदावर ती मुलं यशस्वी म्हणून नोंदली जातात.

गोळी फुकटच असायला हवी, हे मात्र याच संशोधनाने पक्कं केलं. काही शाळांत पालकांकडून थोडे पैसे घेऊन पाहिलं, तर फुकट असताना ७५ टक्के मुलांनी घेतलेली गोळी जेमतेम १८ टक्क्यांनी घेतली. किंमत एका डॉलरच्याही आत होती.

गल्लत उलट्या बाजूनेही होते, कारण गुण वाढले म्हणजे शिकणं वाढलं असंही नाही. केनियातच क्रेमर यांनी शिक्षकांना बक्षिसं देण्याची एक योजना तपासली. शाळेचे गुण चांगले आले तर शिक्षकांना महिन्याच्या पगाराच्या २१ ते ४३ टक्के किमतीची बक्षिसं मिळणार होती. ज्या परीक्षेवर बक्षीस होतं तिचे गुण वाढलेही. पण शिक्षकांची हजेरी सुधारली नाही, गृहपाठ वाढला नाही. वाढले ते परीक्षेच्या तयारीचे जादा तास. बक्षीस संपलं तशी ती वाढही टिकली नाही. म्हणजे मोजायला सोपी असलेली कोणतीही एक खूण शिकण्याच्या जागी बसवली की फसगत होऊ शकते, मग ती हजेरी असो की गुण.

हा फरक शिक्षकांच्या बाबतीतही दिसतो. २००३ साली क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या २० राज्यांतल्या सुमारे ३,७०० शाळांना न कळवता भेटी दिल्या. सरकारी प्राथमिक शाळांतले २५ टक्के शिक्षक गैरहजर सापडले. महाराष्ट्रात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सगळ्यांत कमी, तर झारखंडात ४२ टक्के. पण त्या अहवालातला दुसरा आकडा मला जास्त बोचतो: भेटीच्या वेळी प्रत्यक्ष शिकवत असलेले शिक्षक जेमतेम निम्मे होते. हजर असूनही शिकवत नसलेले शिक्षक कोणत्याही हजेरीपटावर दिसणार नाहीत.

शिकणं थेट वाढवायचं तर काय करावं, याचं एक उत्तर मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतून आलं. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची २००१ ते २००३ या काळात तपासणी केली. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवायचं आणि वस्तीतल्याच एका तरुणीने त्यांना अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी शिकवायची. अभ्यासक्रमात पुढचं काय आहे हे बाजूला ठेवून, मुलाला जिथवर येतं तिथून सुरुवात. दुसऱ्या वर्षी सरासरी इतकी सुधारली की शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर असलेलं मूल सुमारे अकरा जागा पुढे सरकावं. सुधारणेचा मोठा वाटा सगळ्यांत मागच्या मुलांचा होता. कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने मात्र त्यातला बराच भाग ओसरला.

बुसियाच्या अभ्यासावर पुढे वाद झाला. लंडनमधल्या आरोग्य-संशोधकांनी मूळ आकडे पुन्हा तपासले आणि २०१५ मध्ये दाखवून दिलं की दूरच्या शाळांना आडून झालेल्या फायद्याच्या हिशेबात चुका होत्या. क्रेमर आणि मिगेल यांनी चुका मान्य केल्या, पण मुख्य निष्कर्ष टिकतो हे म्हणणं सोडलं नाही. अनेक प्रयोग एकत्र पाहणाऱ्या कोक्रेन आढाव्याने तर सरसकट सगळ्या मुलांना गोळ्या देण्याच्या फायद्याबद्दलच शंका घेतली. माझ्या मते या वादातही दोन्ही बाजूंचे बरेच लोक एकमेकांना चुकवून बोलत होते. कुणी हजेरीबद्दल बोलत होतं, कुणी वजन आणि रक्ताबद्दल, कुणी गुणांबद्दल, आणि सगळे ‘गोळीचा परिणाम होतो की नाही’ या एकाच प्रश्नाचं उत्तर देत होते.

मग २० वर्षांनंतरचा पाठपुरावा २०२१ मध्ये आला. ज्या मुलांना लहानपणी दोन-तीन वर्षं जास्त काळ गोळ्या मिळाल्या, त्यांची मोठेपणी तासाची कमाई १३ टक्क्यांनी आणि घरखर्च १४ टक्क्यांनी जास्त होता. शेतीबाहेरच्या कामांतही ही मुलं जास्त प्रमाणात होती. ज्या मुलांचे गुण हलले नाहीत त्यांची कमाई वाढली. हे तब्येतीमुळे झालं की शाळेत घालवलेल्या दिवसांमुळे, हे या आकड्यांवरून वेगळं करता येत नाही.

गोळीने शिकण्याला काही दिलं का, याचा सगळ्यांत लक्षवेधी पुरावा शाळेबाहेर सापडला. ओवेन ओझियर या अर्थतज्ज्ञाने त्याच भागातली अशी मुलं शोधली, जी शेजारच्या शाळेत गोळ्या वाटल्या गेल्या तेव्हा वर्षभराचीही नव्हती. त्यांना स्वतःला गोळी मिळाली नव्हती. आसपासच्या मोठ्या मुलांचे जंत गेल्याने त्यांच्या अंगणातली माती तेवढी स्वच्छ झाली होती. दहा वर्षांनी या मुलांची बौद्धिक चाचणी घेतली, तर शाळेत अर्ध्या ते पाऊण वर्षात जेवढी प्रगती व्हावी तेवढी ती पुढे होती. गोळ्या वाटल्या जात होत्या त्या दिवसांत त्यांचं नाव कोणत्याच पटावर नव्हतं.