रुईच्या गाठींमधून आरपार

हिंगणघाट परिसरातल्या जिनिंगमध्ये हंगामात सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधल्या जातात. एका गाठीचे वजन साधारण १७० किलो असते आणि प्रेसमधून बाहेर पडलेली गाठ इतकी घट्ट असते की तिच्यात बोटही रुतत नाही. अशा गाठी ४० फुटी कंटेनरमध्ये रचून दाराला सील ठोकले की माल शेकडो किलोमीटर दूर असलेल्या न्हावाशेवा बंदराकडे निघतो. तिथे सीमाशुल्क अधिकाऱ्यांना शंका आली आणि कंटेनर रिकामा करावा लागला, तर हमाली वाढते, जहाज चुकू शकते आणि उघड्यावर उतरवलेली रुई भिजण्याची धास्ती असते. सील न तोडता आत पाहण्याची सोय क्ष-किरण स्कॅनर करून देतो; म्हणूनच बंदरातले हे यंत्र कापूस पिकवणाऱ्या मुलखाच्याही जिव्हाळ्याचे आहे, असे मला वाटते.

दवाखान्यात छातीचा फोटो काढताना यंत्राला सुमारे एक लाख व्होल्टचा दाब पुरतो. कंटेनरपुढे ते किरण निष्प्रभ ठरतात. एका कंटेनरमध्ये २५ टन रुई भरली आहे असे धरले, तर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघणाऱ्या किरणाच्या वाटेत सुमारे ११ सेंटिमीटर पोलादाइतके वस्तुमान येते. गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलमधून निघालेल्या, २५ टन तांदळाने भरलेल्या २० फुटी कंटेनरच्या बाबतीत हा हिशेब वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. म्हणून येथे रेषीय त्वरक लागतो. त्यात इलेक्ट्रॉनांना ६० ते ९० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देऊन टंगस्टनसारख्या जड धातूवर आदळवतात आणि त्या धडकेतून भेदक क्ष-किरण निर्माण होतात. अशा किरणांची तीव्रता दर अडीच-तीन सेंटिमीटर पोलादामागे निम्मी होते. म्हणजे तांदळाच्या कंटेनरमधून काहीशे किरणांमागे एखादाच पलीकडे पोहोचतो. पलीकडच्या, किरण टिपणाऱ्या शोधकांच्या उभ्या रांगेला तेवढ्यावर चित्र उभे करायचे असते. कंटेनर त्या रांगेपुढून संथपणे सरकतो आणि एकेक उभी पट्टी जुळत चित्र तयार होते.

मात्र हे चित्र म्हणजे सावली आहे, हे विसरून चालत नाही. किरणाच्या वाटेत किती वस्तुमान आले एवढेच ती सांगते. थोडेसे लोखंड आणि पुष्कळ तांदूळ यांची सावली सारखीच गडद पडू शकते. हा पेच सोडवण्यासाठी कमी आणि जास्त ऊर्जेचे झोत आलटूनपालटून सोडतात. ऊर्जा पुरेशी असली की क्ष-किरणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार) यांची जोडी निर्माण होऊ शकते आणि जड अणूंच्या सान्निध्यात हे अधिक प्रमाणात घडते. त्यामुळे दोन्ही झोतांच्या क्षीणतेचे गुणोत्तर कापसासाठी एक, लोखंडासाठी दुसरे आणि शिशासाठी तिसरेच येते. संगणक त्यानुसार चित्रात रंग भरतो.

तरीही शेवटचा निर्णय पडद्यासमोर बसलेल्या माणसाचाच. कागदावर रुई लिहिलेली असेल, तर गाठींची एकसारखी जाळी दिसायला हवी, हे त्याला ठाऊक असते; त्या जाळीत एखादा चौकोन भलताच गडद दिसला की नजर तिथे अडकते. एकजिनसी शेतमाल तपासायला त्यामानाने सोपा असतो, भंगाराचा कंटेनर मात्र अनुभवी डोळ्यांनाही चकवू शकतो.

तांदळात किरणांचा अंश उरतो का, असा प्रश्न सहज पडतो. उरत नाही, किरण आरपार जातात किंवा तिथेच शोषले जातात. मालतपासणीत अन्नाला ०.५ ग्रेपेक्षा (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) जास्त मात्रा मिळू नये आणि किरणांची ऊर्जा एक कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. लासलगावच्या विकिरण केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून साधारण ६० ते ९० ग्रे मात्रा देतात, हे ध्यानात घेतले की ही मर्यादा किती खाली आहे ते कळते. माणसांसाठीचे नियम अर्थातच याहून कितीतरी कडक असतात.

संशयित गाठ सापडली, तर ती दारापासून कितव्या रांगेत आणि किती उंचीवर आहे हे चित्रावरून मोजता येते. एकाच बाजूने घेतलेल्या सावलीत ती डाव्या भिंतीला लागून आहे की उजव्या, हे मात्र उमगत नाही. त्यामुळे तेथपर्यंतचा माल काढून ती एक आडवी रांग हातानेच तपासावी लागते.