घासण्याआधी धुवा

1970 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, बे सिटी गावी, मीड गुजॉन यांनी ‘अदाजिओ’ नावाची 35 फुटी ट्रायमरन, म्हणजे तीन सांगाड्यांची शिडाची होडी, बांधली. सांधे इपॉक्सीने, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या चिकट लेपाने, चिकटवलेले, आणि लाकडावर लेपही इपॉक्सीचाच. पुढे हीच रीत घरच्या घरी प्लायवूडची होडी बांधणाऱ्यांनी उचलली. लेप काचेसारखा चमकू लागला की त्यांचा हात थेट पॉलिश पेपरकडे जातो. नेमकं तिथेच काम बिघडतं.

इपॉक्सी रंगासारखं वाळत नाही. रेझिन (मूळ चिकट द्रव) आणि हार्डनर (त्याला घट्ट करणारा द्रव) यांच्यात रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. हार्डनरमधल्या अमाइन रेणूंनी रेझिनशी जोडलं जावं, अशी अपेक्षा असते. पण पृष्ठभागावरच्या काही अमाइनना हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा आधी गाठतो. त्यातून मेणचट, बोटाला बुळबुळीत लागणारा थर तयार होतो. त्याला ‘ब्लश’ म्हणतात. हवा गार आणि दमट असेल तर तो जास्त धरतो, कधी कधी डोळ्यांना दिसतही नाही.

हा थर तसाच घासला तर पेपर चोंदतो आणि मेण ओरखड्यांत भरतं. वरचा रंग मग पापुद्र्यांनी सुटतो. मला सगळ्यात आवडते ती यावरची तोड: ब्लश पाण्यात विरघळतो! थिनर नको. स्वच्छ पाणी, भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, आणि पाणी सुकायच्या आत कोऱ्या फडक्याने पुसणं, एवढं पुरतं. पाण्याचे थेंब गोळा होऊन बसत असतील तर पुन्हा धुवावं. सपाट पसरले की 80 नंबरचा पेपर घ्यावा. चमक जाऊन सगळीकडे मंदपणा यायला हवा. चकाकणारे ठिपके राहिले तर तिथे खळगे आहेत. लाकूड मात्र उघडं पडू देऊ नये. अर्धवट मुरलेल्या लेपाची धूळ त्वचेला आणि श्वासाला बाधते, म्हणून मास्क आणि हातमोजे हवेतच.

इपॉक्सी पाण्याला दाद देत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं, पुढे खडूसारखं भुरभुरतं. त्यामुळे वर रंग किंवा अतिनील किरण शोषणारं व्हार्निश लागतंच. दोन भाग मिसळून लावायचा पॉलीयुरेथेन रंग चांगला बसतो. काही साधे ऑइल पेंट मात्र उरलेल्या अमाइनमुळे दिवसेंदिवस चिकट राहतात. म्हणून बसायच्या फळीखाली तळहाताएवढ्या जागेवर आधी एक हात देऊन पाहावा. दोन-तीन दिवसांनीही नख रुतत असेल तर दुसरा रंग आणावा.