‘साफ होत नाही’ आणि ‘आठवड्यातून तीन’: बद्धकोष्ठतेच्या व्याख्येची पार्श्वभूमी

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात पोटविकाराच्या ओपीडीबाहेर तासभर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘रोज होतं हो डॉक्टर, पण साफ होत नाही.’ आत विचारलं जातं, ‘आठवड्यातून किती वेळा जाता?’ बाई सांगते, ‘सात.’ बस्स, तीनपेक्षा कमी नाही म्हणजे बद्धकोष्ठता नाही असं ठरतं. मग इसबगोल, भरपूर पाणी आणि ‘टेन्शन घेऊ नका’. सारा घोळ या आकड्याचा आहे.

आपल्याकडे मोजणीची पद्धत नव्हती, कोठा पाहायची होती. आयुर्वेदात कोष्ठ मृदु, मध्यम की क्रूर, म्हणजे पोट सहज साफ होतं की अवघड, हे आधी ठरतं, आणि न अडवण्याचे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाका, सांगितले आहेत, त्यात मळाचाही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात भलतीच भीती पसरली. साचलेल्या मळाचं विष रक्तात भिनतं, असं मानून लंडनच्या एका शल्यविशारदाने रुग्णांची मोठी आतडी काढून टाकली. तो सिद्धांत पुढे टिकला नाही. पण ‘पोटात घाण साठते’ ही धास्ती अजून आहे आणि जुलाबाच्या चूर्णांचा धंदा तिच्यावरच चालतो.

‘तीन’चा आकडा आला 1965 मध्ये, ब्रिटनमधून. कारखान्यातले कामगार आणि फॅमिली डॉक्टरांच्या यादीतली माणसं अशा सुमारे दीड हजार जणांना शौचाच्या सवयी विचारल्या गेल्या. जवळपास सगळे दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा या पट्ट्यात बसले. त्या लोकांच्या सवयींवरून निघालेली ही सीमारेषा जगभर ‘नॉर्मल’ झाली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत बहुतेक निरोगी माणसं रोज एकदा तरी जातात असं दिसलं. वरणभात, भाकरी, उसळ खाणाऱ्याला ‘आठवड्यातून तीन’ लागू करायचं म्हणजे त्याचं दुखणं बरंच वाढेपर्यंत थांबायचं.

1988 मध्ये रोममध्ये तज्ज्ञ जमले आणि तपासणीत काही सापडत नाही अशा पोटाच्या तक्रारींना निकष देण्याचं काम सुरू झालं. 2016 मध्ये या निकषांची चौथी आवृत्ती आली. बद्धकोष्ठतेसाठी त्यात सहा गोष्टी आहेत: कुंथावं लागणं, कडक खडे होणं, राहिल्यासारखं वाटणं, अडल्यासारखं वाटणं, बोटाची मदत घ्यावी लागणं आणि आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं. यातल्या कुठल्याही दोन पुरतात. पहिल्या चार-पाच नीट वाचा. ‘साफ होत नाही’ याचाच तो तपशील आहे. रोज जाणारी बाई या निकषांत बसू शकते, तरी गर्दीच्या ओपीडीत सहावा निकषच तेवढा लक्षात राहतो, कारण तो विचारायला दोन सेकंद पुरतात आणि बाकीचे विचारताना दोघांनाही संकोच वाटतो. 1997 मध्ये ब्रिस्टलहून आलेला, मळाचे प्रकार दाखवणारा सात चित्रांचा तक्ता इथे खरा उपयोगी पडतो. बाई बोलत नाही, पण पहिल्या चित्रावर बोट ठेवते: शेळीच्या लेंड्या.

त्याच 2016 च्या आवृत्तीने आयबीएसच्या (पोट दुखणं आणि शौचाची सवय बिघडणं असा जुनाट त्रास) व्याख्येतून ‘अस्वस्थता’ काढली आणि फक्त ‘दुखणं’ ठेवलं, तेही आठवड्यातून किमान एक दिवस. कारण दिलं गेलं की अस्वस्थता या शब्दाचा अर्थ भाषेगणिक बदलतो. बदलतो खराच. पण मराठी माणूस ‘पोट दुखतं’ म्हणण्याआधी ‘डब्ब वाटतं’, ‘गच्च झालंय’, ‘कसंतरी होतं’ म्हणतो. आशियातल्या तज्ज्ञांनी याला आक्षेप घेतला, आणि माझ्या मते तो रास्त होता. तपासणीत काही न सापडणाऱ्या अशा तक्रारींच्या ‘फंक्शनल’ या नावाऐवजी ‘आतडं आणि मेंदू यांच्या संवादातला बिघाड’ हे नावही तेव्हाच पुढे आलं. हेतू चांगला, पण ‘मेंदू’ ऐकताच घरचे म्हणतात, ‘बघ, तुझ्या डोक्यातच आहे.’

आतड्याची हालचाल वाढवणाऱ्या औषधांच्या बाबतीतही आपण मागून चाललो. सिसाप्राइड हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करतं म्हणून अमेरिकेच्या बाजारातून 2000 मध्ये गेलं, टेगासेरॉडची विक्री तिथे 2007 मध्ये थांबली. भारतात दोन्ही थांबली 2011 मध्ये.

मुंबईचं वेळापत्रक तर आतड्याच्या विरोधातच आहे. झोपेतून उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर मोठं आतडं जोरात हलतं. नेमक्या त्याच अर्ध्या तासात डबे भरायचे असतात, चाळीच्या सामाईक संडासाच्या दारावर थाप पडत असते आणि विरारची किंवा कल्याणची गाडी सुटणार असते. वेग दाबला की तो ओसरतो, मळ आतच राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत जातं, आणि हळूहळू खडा होतो. दिवसभर स्वच्छतागृह मिळेल याचा भरवसा नसलेली बाई पाणीच कमी पिते, ते वेगळंच.

काही जणांना इसबगोल कितीही दिलं तरी फरक पडत नाही, कारण कुंथताना त्यांचे गुदद्वाराचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळतात. 2006 च्या आसपासच्या चाचण्यांत अशा रुग्णांना स्क्रीनवर पाहून स्नायू सैल सोडायला शिकवणं, म्हणजे बायोफीडबॅक, जुलाबाच्या औषधांपेक्षा सरस ठरलं. दोष ओळखायची एक तपासणी अगदी साधी आहे. गुदाशयात सुमारे 50 मिलिलिटर पाणी भरलेला फुगा ठेवतात आणि शौचाला बसायला सांगतात. एक-दोन मिनिटांत तो बाहेर पडायला हवा. ‘आठवड्यातून सात, म्हणजे नॉर्मल’ असं ऐकून आलेल्यांपैकी काहींचा फुगा पाच मिनिटांनीही आतच असतो.