छोट्या ठेकेदारांसाठी कामगार नुकसानभरपाई विमा: पात्रता, कागदपत्रे आणि दावे अडतात ती ठिकाणे

परांचीवरून पडून कामगार दगावला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी ठेकेदारावर येते, मग चूक कोणाचीही असो. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातील ही तरतूद 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. मृत्यूच्या प्रकरणात मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. जानेवारी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरले जाते आणि तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98 आहे, म्हणजे अशा एका मृत्यूची भरपाई 15,59,850 रुपये होते. रंगकाम किंवा फॅब्रिकेशन करणाऱ्या लहान ठेकेदाराला ही रक्कम पदरची भरणे अशक्य असते.

ही रक्कम विमा कंपनीने भरावी यासाठी कामगार नुकसानभरपाई विम्याची पॉलिसी असते. एकच माणूस कामाला असला तरी ती घेता येते. राज्य कामगार विमा योजनेत नोंद असलेल्या कामगारांसाठी मात्र तिची गरज नसते. प्रपोजल फॉर्म, पॅन कार्ड, कार्यादेश आणि कामगारांची प्रकारवार संख्या व वेतन एवढ्यावर पॉलिसी निघते.

ती सहज निघते, म्हणूनच फसगत होते. हप्ता कमी बसावा म्हणून बाराऐवजी पाच माणसे दाखवली जातात, मजुरी निम्मी लिहिली जाते आणि इमारतीच्या बाहेरून होणारे रंगकाम ‘अंतर्गत रंगकाम’ म्हणून नोंदवले जाते. एजंट फॉर्म भरतो आणि ठेकेदार न वाचता सही करतो. फॉर्म स्वतः वाचा, कामाची उंची व ठिकाण खरे लिहा आणि मुकादमाने किंवा पोटठेकेदाराने आणलेली माणसे पॉलिसीत धरली आहेत का, हे लेखी विचारून घ्या.

दाव्याच्या वेळी जे बहुतेकांकडे नसते, ते म्हणजे हजेरी आणि पगाराचा कागद. मजुरी रोखीने दिलेली असते, मस्टर ठेवलेले नसते, आणि मग मृत माणूस आपल्याकडे कामाला होता हेच सिद्ध करता येत नाही. साध्या वहीत रोजची नावे, दर आणि आठवड्याच्या चुकाऱ्यावर सही किंवा अंगठा घेतला तरी तो पुरावा उभा राहतो. अपघातानंतर एका बैठकीत लिहिलेली वही मात्र शाईवरूनच ओळखू येते.

मुदतीबाबतचा गैरसमज त्याहून महाग पडतो. भरपाई देण्याची एक महिन्याची मुदत सक्षम प्राधिकाऱ्याच्या (म्हणजे भरपाईची प्रकरणे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या; जुन्या कायद्यात ‘आयुक्त’) आदेशापासून सुरू होते असे अनेकांना वाटते. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1975 सालीच स्पष्ट केले आहे. उशीर झाल्यास 12 टक्के व्याज लागते आणि योग्य कारण नसेल तर थकीत रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, जो सहसा पॉलिसीतून मिळत नाही. म्हणून अपघाताच्या दिवशीच विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी आणि पंचनामा व वैद्यकीय कागद जमवण्यास लागावे.

सर्वांत वाईट वाटते ते सद्भावनेने वागणाऱ्यांचे. ठेकेदार मृताच्या गावी जातो, घरच्यांच्या हाती पैसे देतो आणि मुद्रांकावर ‘आता काही मागणे नाही’ असे लिहून घेतो. कायद्याच्या दृष्टीने ही भरपाई ठरतच नाही, कारण मृत्यूच्या प्रकरणात रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. वारसांना दिलेल्या उचलीपैकी जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या वेतनाएवढी रक्कम वळती होऊ शकते. बाकीची पुन्हा भरावी लागते. मदत जरूर करावी, पण सक्षम प्राधिकाऱ्याकडील भरणा तिच्यासाठी थांबवू नये.

सरकारी काम घेणाऱ्यांनी आणखी एक कलम पाहावे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच घेण्याची अट आढळते. ती असताना बाहेरची पॉलिसी दिली, तर ती स्वीकारली जात नाही आणि शासकीय विमा निधीचा हप्ता बिलातून कापला जातो, म्हणजे एकाच कामासाठी दोनदा पैसे जातात. निविदेच्या शेकडो पानांत दडलेली ही अट कार्यादेशाच्या पहिल्याच पानावर छापायला विभागाला काय अडचण आहे, हे कळत नाही. कामाला मुदतवाढ मिळाली की पॉलिसीची मुदतही वाढवून घ्यावी, कारण ती आपोआप वाढत नाही.