पार्श्वभूमी : चार अक्षरांतले गुंत्याचे चौथे

‘आयएनटीजे’, ‘ईएसएफपी’ असले शिक्के आता ऑफिसच्या प्रशिक्षणातून घरापर्यंत आले आहेत. एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर) या स्वभाव-चाचणीत चार जोड्यांतले एकेक अक्षर मिळते : ई-आय (बहिर्मुख-अंतर्मुख), एस-एन (संवेदना-अंतःस्फूर्ती), टी-एफ (विचार-भावना) आणि जे-पी (निवाडा करणे-टिपणे). त्यांचे एकूण सोळा प्रकार होतात. पहिल्या अक्षरावर फारशी भांडणे होत नाहीत, कारण आपण अंतर्मुख की बहिर्मुख हे माणूस साधारण ओळखून असतो. घोळ होतो तो शेवटच्या ‘जे’ की ‘पी’पाशी. ‘जे’ म्हणजे शिस्तीचा आणि ‘पी’ म्हणजे ढिसाळ, असा अर्थ सर्रास लावला जातो. हे अक्षर मुळात तेवढ्यासाठी जन्माला आलेलेच नव्हते.

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस जुनी आहे. ग्रीक वैद्यांचे चार द्रव, आपल्याकडचे वात-पित्त-कफ हे सगळे खरे, पण या चाचणीचा धागा तिथून येत नाही. तो सुरू होतो एका स्विस मानसोपचारतज्ज्ञापासून. १९१३ साली म्युनिकच्या परिषदेत त्याने अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी मांडली आणि १९२१च्या ग्रंथात तिला चार क्रियांची जोड दिली : विचार, भावना, संवेदना आणि अंतःस्फूर्ती. विचार आणि भावना या दोन्ही निवाडा करतात, म्हणून त्या ‘विवेकी’. संवेदना आणि अंतःस्फूर्ती फक्त टिपतात, म्हणून त्या ‘अविवेकी’. यात दोष काढलेला नाही, निवाडा त्यांच्या कामात बसत नाही एवढेच. चार क्रिया, प्रत्येकीच्या दोन दिशा, असे एकूण आठ प्रकार. चाचणीसारखे सोळा नव्हेत.

आपल्याकडच्या प्रशिक्षणात ‘एफ’चे भाषांतर ‘भावनाप्रधान’ असे होते, आणि डोळ्यांत पटकन पाणी येणारा माणूस समोर उभा राहतो. मूळ अर्थ वेगळा आहे : कोणती गोष्ट किती मोलाची, कुणासाठी मोलाची, हे तोलणे. चिडणारा, रडणारा, घाबरणारा माणूस ‘टी’ही असू शकतो.

ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९२३ साली आले. अमेरिकेत एक गृहिणी आधीपासून स्वतःची वर्गवारी तयार करत होती. भाषांतर वाचल्यावर तिने आपली वर्गवारी बाजूला ठेवली. दुसऱ्या महायुद्धात नवख्या माणसांना, विशेषतः बायकांना, त्यांच्या वळणाचे काम मिळावे म्हणून तिच्या मुलीने प्रश्नावली रचायला घेतली. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण दोघींपैकी कुणाचेच नव्हते. मुलगी तर त्याआधी रहस्यकथेला बक्षीस मिळवलेली लेखिका होती. पहिली पुस्तिका १९४४ची.

मायलेकींपुढची अडचण अशी. मूळ ग्रंथात प्रत्येकाची एक मुख्य क्रिया असते आणि तिच्या मदतीला एक दुय्यम. एखादी व्यक्ती ‘एन’ आणि ‘टी’ आहे हे प्रश्नांवरून कळले, तरी त्यातली मुख्य कोणती? हे सरळ विचारून कळत नाही, कारण अंतर्मुख माणूस आपली मुख्य क्रिया आत ठेवतो आणि बाहेर दुय्यम दाखवतो. मग त्यांनी आडवाट काढली. बाहेरच्या जगाशी तुम्ही कसे वागता, ठरवून टाकता की खुले ठेवता, एवढेच विचारायचे. ठरवून टाकणारा ‘जे’ : बाहेर दिसते ती निवाड्याची क्रिया, म्हणजे टी किंवा एफ. खुले ठेवणारा ‘पी’ : बाहेर दिसते ती टिपणारी, म्हणजे एस किंवा एन. बहिर्मुखात बाहेर दिसते तीच मुख्य. अंतर्मुखात उरलेली मुख्य.

हे गणित मांडून पाहा. ‘आयएनटीजे’मध्ये ‘जे’ हे अक्षर आहे, म्हणून बाहेर ‘टी’. माणूस अंतर्मुख, म्हणून ‘टी’ दुय्यम आणि मुख्य ‘एन’, तीही आत. म्हणजे निवाड्याचे अक्षर लावलेला हा माणूस स्विस ग्रंथाच्या हिशेबाने ‘अविवेकी’ ठरतो. ‘आयएनटीपी’चे उलट : बाहेर ‘एन’, आत मुख्य ‘टी’. अक्षर खुलेपणाचे, गाभा निवाड्याचा. आठही अंतर्मुख प्रकारांत ही उलटापालट होते. पुढे १९७०च्या दशकात सोव्हिएत लिथुआनियात याच ग्रंथावर वेगळी शाखा उभी राहिली. तिथल्यांनी अंतर्मुखांची शेवटची अक्षरे थेट मुख्य क्रियेवरून ठरवली. त्यामुळे दोन्ही पद्धतींची कोष्टके शेजारी ठेवून वाचणारा हमखास फसतो.

दैनंदिन व्यवहारात याचा अर्थ असा. बैठकीत ‘आयएनटीजे’ सहकारी ठामपणे “ठरलं, याच मार्गाने जाऊ” म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मार्ग बदलून येतो. लोक त्याला धरसोड म्हणतात. ‘आयएनटीपी’ नवरा “बघू” म्हणतो, बायको त्याला होकार समजते, आणि आत निकाल कधीच लागलेला असतो. निदान सिद्धान्त तरी असे सांगतो. पहिल्याला रात्र जाऊ द्यावी, मग लेखी मागावे, दुसऱ्याला “तुझं मत काय झालंय?” असे थेट विचारावे. मुख्य-दुय्यम क्रियांच्या या गणिताला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही, हेही सांगायला हवे. ‘जे-पी’चे गुण मोजले की ते जुळतात ते काटेकोरपणाशी. म्हणजे ज्या अर्थाने लोक हे अक्षर चुकीचे वाचतात, जवळपास त्याच अर्थाने ते आकड्यांत टिकते. मायलेकींची आडवाट फसली, आणि भलतेच काहीतरी बऱ्यापैकी मोजले गेले.

चाचणीतला दुसरा वादाचा निर्णय म्हणजे दोन अक्षरांमधली रेघ कुठे ओढायची हा. बहुतेक माणसे मध्याच्या आसपास असतात, तरी चाचणी मधोमध कापते. एका बाजूला एक गुण जास्त पडला तरी अक्षर बदलते. बरोबरी झाली तर आय, एन, एफ, पी द्यायचे असा दंडक आहे, कारण अमेरिकी समाजाचा ओढा उलट अक्षरांकडे आहे असे धरले गेले. जुन्या आवृत्त्यांत टी-एफचे गुण पुरुष आणि स्त्रियांसाठी वेगळ्या तक्त्याने मोजत. तेच उत्तर, वेगळे वजन. १९९८च्या आवृत्तीत तो भेद गेला. त्या आवृत्तीत ९३ प्रश्न होते : ई-आयचे २१, एस-एनचे २६, टी-एफचे २४, जे-पीचे २२.

पुन्हा चाचणी दिली की प्रकार बदलतो ही तक्रार इथूनच येते. एकेक अक्षर टिकण्याची शक्यता ८५ टक्के धरली, तर चारही टिकण्याची शक्यता ५२ टक्क्यांवर येते. एकेक अक्षर बरे, चार अक्षरांचा शब्द डळमळीत.

१९६२मध्ये एका मोठ्या परीक्षा संस्थेने ही चाचणी केवळ संशोधनासाठी म्हणून छापली. १९७५ साली ती व्यापारी प्रकाशकाकडे गेली आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणात पसरली. १९८९मध्ये तिची तुलना पाच घटकांच्या प्रतिमानाशी, म्हणजे स्वभाव पाच मोजपट्ट्यांवर मोजणाऱ्या मानसशास्त्रातल्या पद्धतीशी, झाली. चार अक्षरे चार घटकांशी कमी-जास्त जुळली. पाचवा घटक, म्हणजे काळजी आणि अस्वस्थता, तिच्यात नव्हताच. १९९१मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने करिअर सल्ल्यासाठी तिचा वापर करण्याइतका पुरावा नाही असे म्हटले. भरतीसाठी वापरू नये, हे तर प्रकाशकही सांगतो. तरी मुलाखतीत अक्षरे विचारली जातात.

अहवाल हातात आला की आधी अक्षर पाहू नये, त्याशेजारचा १ ते ३० मधला आकडा पाहावा. ५ पर्यंत असेल तर ते अक्षर पेन्सिलने लिहिल्यासारखे समजावे. ६ ते १५ मध्यम, १६ ते २५ स्पष्ट, त्यावर अगदी स्पष्ट. इथेही एक फसगत आहे. ‘जे’पुढे २८ म्हणजे माणूस फार नेटका असे नव्हे, त्याने उत्तरे एकाच बाजूने दिली, एवढेच. अहवाल उघडण्याआधी आपला अंदाज कागदावर लिहून ठेवावा. दोन्ही जुळले नाहीत तर दोन्ही प्रकारांची वर्णने वाचून कोणते पटते ते माणसाने स्वतः ठरवायचे असते. प्रशिक्षित समुपदेशक हाच क्रम पाळतात. मात्र तासाभराच्या ऑफिस सत्रात नेमकी हीच पायरी गळते. प्रश्नावली भरतानाही ‘साहेबांना काय आवडेल’ हे मनात असेल तर ‘ईएसटीजे’ निघण्याकडे कल जातो.

जोडप्यांसाठी जुळणीचे रंगीत तक्ते फिरतात, हिरवा चौकोन म्हणजे उत्तम, लाल म्हणजे अवघड. ३६ गुणांच्या कोष्टकाचे हे नवे भावंड. मूळ पुस्तिकेत असले तक्ते नव्हते.

इंटरनेटवरच्या एका लोकप्रिय मोफत चाचणीने अक्षरे हीच ठेवली आणि मोजमाप मात्र पाच घटकांच्या वळणाचे केले. तिथे चार अक्षरांपुढे ‘ए’ किंवा ‘टी’ असे पाचवे चिन्ह येते. मायलेकींनी सोडलेला अस्वस्थतेचा घटक तोच. त्यामुळे कुणी “मी आयएनएफजे-टी” म्हणाले, तर त्या शेवटच्या ‘टी’चा विचार-क्रियेशी काही संबंध नसतो.