अर्ध्या चालीची टिकटिक

मित्राने त्याच्या पिकअप ट्रकचा व्हिडिओ पाठवला. बॉनेट उघडं, थंड इंजिन नुकतंच सुरू केलेलं आणि आतून एकसारखी टिक-टिक-टिक. खाली एकच ओळ: ‘टॅपेट गेलेत म्हणतात, इंजिन उघडावं लागेल. खरंच का रे?’

टॅपेट म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हला (झडपेला) उघडण्याचा धक्का पोचवणारा छोटा भाग. टिकटिक म्हणजे टॅपेट, हे समीकरण लोकांच्या मनात फार पक्कं बसलंय. म्हणून मी त्याला दुसरा व्हिडिओ मागितला, या वेळी आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे हे दाखवणारा काटा दिसेल असा. काटा ९००वर होता. व्हिडिओचा वेग पावपट करून मी टिका मोजल्या, तर दहा सेकंदांत ७५ भरल्या. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, मिनिटाला ९०० फेरे घेतो, म्हणजे दहा सेकंदांत १५०. टिका बरोबर निम्म्या. आवाज कसा आहे हे सांगताना दोन माणसांचं एकमत होत नाही, पण मोजणीत वाद नसतो. म्हणून आधी मोजावं.

फोर-स्ट्रोक इंजिनात एक चक्र पुरं व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. त्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो, म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट (कॅम म्हणजे उंचवटे असलेला दांडा) निम्म्या वेगाने फिरतो. क्रँकला जोडलेली फ्लायव्हीलसारखी (जड चाकासारखी) वस्तू तडकली असती, तर आवाज फेऱ्यागणिक आला असता. इथे तो चक्रागणिक येत होता. तेव्हा संशय टॅपेटवर जाणं साहजिक होतं. पण टॅपेट का वाजतो, हे समजल्याशिवाय त्याला दोषी ठरवता येत नाही. आणि ही गोष्ट इतकी सुंदर आहे की तिच्यापाशी जरा थांबायलाच हवं.

इंजिन तापतं, धातू प्रसरण पावतो. पोलादाची वस्तू एका अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भागांनी वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शेकडो अंशांपर्यंत तापतो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांबतो. त्याला जागा ठेवली नाही तर तो पुरता मिटत नाही. मिटल्यावर बैठकीला टेकूनच त्याची बरीचशी उष्णता बाहेर जाते. टेकलाच नाही, तर कड जळते. म्हणून जुन्या रचनेत कॅम आणि व्हॉल्व्हच्या मध्ये कुठेतरी मिलिमीटरच्या काही दशांशांची फट मुद्दाम ठेवतात आणि ती फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी मोजून लावतात. कॅमचा उंचवटा सुरुवातीला अगदी हलका चढ घेतो, तो ही फट अलगद मिटवण्यासाठी. फट वाढली की हलका चढ संपून तीव्र चढ लागतो, तेव्हा कुठे धातूला धातू भिडतो. भिडताना वेग जास्त असतो. तोच टिक.

हायड्रॉलिक टॅपेट, म्हणजे लिफ्टर, ही फट स्वतःच भरून काढतो. कॅडिलॅकच्या १९३०च्या सोळा सिलिंडरी इंजिनात तेलाच्या दाबाने फट मिटवण्याची सोय आली होती, त्यामुळे ही कल्पना नवी नाही. एका छोट्या भांड्यात दट्ट्या, दट्ट्याखाली स्प्रिंग आणि तेलाचा कप्पा, कप्प्याच्या तोंडावर एक गोळी. व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंग दट्ट्याला वर सारते, फट मिटते आणि मोकळ्या झालेल्या जागेत गोळीवरून तेल शिरतं. कॅमने दाब दिला की गोळी तोंड बंद करते आणि तेल कोंडलं जातं. शंभर वातावरणांइतक्या दाबाखालीही तेल जेमतेम एक टक्काच आकसतं, म्हणून तो द्रवाचा स्तंभ जवळजवळ पोलादाच्या कांबीसारखा वागतो.

आता यातली खरी गंमत. कोंडलेलं तेल थोडं गळायलाच हवं. न गळलं, तर तापून लांबलेल्या व्हॉल्व्हसाठी लिफ्टर आखूड होणार कसा? म्हणून दट्ट्या आणि भांडं यांच्यात काही मायक्रॉनची फट ठेवलेली असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. अशा अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. झिजून फट दुप्पट झाली, तर गळती आठपट. शिवाय तेल जितकं पातळ, तितकी गळती जास्त. त्यात प्रत्येक चक्रात व्हॉल्व्ह उघडा असतो तेवढाच वेळ गळतीला मिळतो. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन संथ चालू) तो जास्त आणि वेग वाढला की कमी. तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की झिजलेल्या लिफ्टरची ओळख आपोआप हाती येते: तो तापलेल्या इंजिनात, पातळ झालेल्या तेलात, आयडलिंगला सर्वांत जास्त वाजतो.

उलट, रात्रभर उभ्या गाडीत कप्पा रिकामा झालेला लिफ्टर सकाळी काही सेकंद वाजतो आणि तेल पोचलं की गप्प होतो. तिसरी शक्यता हवेची. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि प्रमाणाबाहेर भरलं असेल तर क्रँक ते घुसळून फेस करतो. तेल आकसत नाही, पण हवेचा बुडबुडा चिमटीत मावेल इतका दबतो. म्हणून डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी पाहणं ही पहिली तपासणी, आणि ती फुकट आहे.

‘बाटली ओता, आवाज गायब’ अशा जाहिराती करणाऱ्या द्रावणांबद्दलही इथेच सांगतो. चिकट थराने दट्ट्या अडकला असेल, तर साफ करणारं रसायन कधीकधी त्याला मोकळं करतं. झिजून गेलेला धातू मात्र कुठलीही बाटली परत आणत नाही. तेल मुद्दाम जाड घातल्याने गळती कमी होऊन आवाज दबेल, पण थंड इंजिनात तेच तेल सगळीकडे उशिरा पोचेल. आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला, असं समजणं धोक्याचं आहे.

मित्राला मी विचारलं, आवाज कधी थांबतो? तो म्हणाला, दहा-बारा मिनिटं चालवली की. काही सेकंदांत थांबत नाही आणि तापल्यावर वाढतही नाही. म्हणजे यातलं कुठलंच लिफ्टरचं वर्णन इथे बसत नव्हतं.

चक्रातून एकदाच घडणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारे इंजेक्टर टिकटिकतात, ते मुळातच तसे असतात. थंड पिस्टन सिलिंडरला आपटतो, त्याचा आवाज जास्त बोदा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या भागाची गळती: एका सिलिंडरचा धूर चक्रातून एकदा फटीतून फुटतो, आणि ती फूस कानाला चक्क धातूच्या टिकेसारखी लागते.

मित्राच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आणि त्याला बोल्टांनी जोडलेला मॅनिफोल्ड बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं, पण मॅनिफोल्ड कितीतरी जास्त तापतो. ४५ सेंटिमीटरचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापला तर सुमारे दोन मिलिमीटर वाढतो. तेवढंच हेड ८० अंशांनी तापून एक मिलिमीटरही वाढत नाही. हा फरक टोकाच्या बोल्टांना सोसावा लागतो, आणि वर्षानुवर्षं तो सोसून बोल्ट तुटतात. तापल्यावर मॅनिफोल्ड फुगून फट बुजते आणि आवाज थांबतो.

खात्री करणं सोपं होतं. थंड इंजिन सुरू करून एकेका इंजेक्टरची वायरजोडणी काही क्षण काढायची. स्पार्क प्लगची नाही, नाहीतर न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो बिघडू शकतो. सिलिंडरमध्ये ज्वलन नसेल तर धुराचा दाब पडतो आणि गळतीची टिक मंदावते. लिफ्टरला ज्वलनाशी देणंघेणं नाही, तो वाजतच राहतो. क्रँककडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग गेलेला कनेक्टिंग रॉडही (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) या परीक्षेत मवाळ होतो, पण त्याचा आवाज खोल, ठक-ठक असा असतो आणि भार दिला की वाढतो. तसा आवाज आला तर परीक्षा बाजूला ठेवून इंजिन ताबडतोब बंद करावं.

चौथ्या सिलिंडरची जोडणी काढली आणि टिकटिक जवळजवळ विरली. मग मित्राने रबरी नळीचं एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवत मॅनिफोल्डच्या कडेने फिरवलं. मागच्या टोकाला फुस-फुस स्पष्ट आली. टॉर्च मारून त्याने फोटो पाठवला: हेडवर काजळीचा काळा पंखा उमटलेला आणि शेवटच्या बोल्टच्या जागी डोकं नसलेला, गंजलेला नुसता दांडा.