नळ बंद झाल्यावर पंप झोपतो का?

रात्री अडीच वाजता सोसायटीत एकही नळ उघडा नसतो. तरीही तळघरात पंपाची घरघर चालूच असेल, तर दोष बहुधा पंपाचा नसतो. त्याच्या ड्राइव्हमध्ये एक आकडा चुकीचा भरलेला असतो.

ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, मोटारीला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलतो. आपली वीज ५० हर्ट्झची. ती ४५, ४० अशी उतरवली की मोटारही हळू फिरते. पाइपवरचा सेन्सर दाब कळवत राहतो आणि तो दाब टिकवण्यापुरताच वेग ड्राइव्ह ठेवतो.

हा टिकवायचा दाब, म्हणजे सेट पॉइंट, हिशोबाने काढावा लागतो. सात मजल्यांची इमारत घेऊ. पंपापासून सर्वांत वरचा शॉवर २४ मीटर उंच. प्लंबर ज्याला ‘एक किलो’ म्हणतात, तेवढा दाब पाणी १० मीटर चढवतो; ड्राइव्हवरचा एक बार जवळजवळ तेवढाच. म्हणजे चढायला २.४ बार, पाइपांतल्या घर्षणापोटी ०.३ आणि शॉवर जोरात पडायला १.५. एकूण ४.२.

वरच्या मजल्यावर धार बारीक झाली की लगेच हा आकडा वाढवण्याची घाई होते. आधी सेन्सरची रेंज पाहा. सेन्सर १० बारचा असताना ड्राइव्हमध्ये १६ भरले असतील, तर पडद्यावर ४.२ दिसतात आणि पाइपात खरे २.६ च असतात. चढण्यातच २.४ गेल्यावर शॉवरला काय उरणार? शेजारच्या काट्याच्या गेजशी पडदा ताडून पाहिला की हे दोन मिनिटांत कळतं. शिवाय सेट पॉइंट वाढवला की तो भार तळमजल्याच्या नळांवर आणि फ्लशच्या टाक्यांवर पडतो. त्यांच्यासाठी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह लावलेले असावेत.

आता रात्रीच्या घरघरीकडे येऊ. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो आणि लागणारी वीज साधारण घनाने. वेग ८० टक्क्यांवर आणला की दाब ६४ टक्क्यांवर येतो, वीज ५१ टक्क्यांवर. ड्राइव्ह विकताना दाखवतात ती बचत हीच. पण इमारतीची उंची काही रात्री कमी होत नाही. समजा, नळ बंद असताना हा पंप ५० हर्ट्झला ६ बार देतो. ४.२ टिकवायचे तर ४.२ भागिले ६ याचं वर्गमूळ, म्हणजे ०.८४ पट वेग लागेल. सुमारे ४२ हर्ट्झ! थेंबभर पाणी वाहत नसलं तरी पंप याच्या खाली उतरू शकत नाही.

पाणी लागत नसेल तेव्हा ड्राइव्हने पंप आपोआप थांबवायचा, याला स्लीप म्हणजे झोप म्हणतात. ‘३० हर्ट्झच्या खाली गेला की झोप’ असं स्लीप सेटिंग असेल, तर ती वेळ येणारच नाही. तेच पाणी पंपाच्या पोटात घुसळत राहतं, तापतं, सील खराब करतं. मला ही चूक सर्वांत वाईट वाटते, कारण नळाला पाणी व्यवस्थित येतं आणि कुणी तक्रारच करत नाही.

योग्य आकडा पंपच सांगतो. स्लीप तात्पुरती बंद करा, सेन्सर आणि प्रेशर टाकीच्या पुढचा मुख्य व्हॉल्व्ह मिटा आणि वेग कुठे स्थिरावतो ते पाहा. ४२ वर थांबला तर स्लीप ४३-४४ ला ठेवा, काही सेकंदांच्या विलंबासह. व्हॉल्व्ह फार वेळ मिटलेला ठेवू नका. वेक-अप दाब, म्हणजे ज्याच्या खाली उतरल्यावर पंप पुन्हा सुरू होतो तो दाब, ३.७ च्या आसपास ठेवा. वेग स्थिरच न होता सारखा वरखाली होत असेल, तर पीआयडीची, म्हणजे दाब पाहून वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हमधल्या नियंत्रणाची, प्रतिक्रिया मंद करावी लागते.

पंप झोपल्यावर पाणी पुरवते ती प्रेशर टाकी, म्हणजे तिच्या रबरी पडद्यामागची दाबलेली हवा. टाकीतलं पाणी पूर्ण काढून मग ही हवा मोजायची. सेट पॉइंटच्या साधारण ७० टक्के, म्हणजे इथे २.९ बार. १०० लिटरच्या टाकीतून ४.२ ते ३.७ या उतारात जेमतेम ८ लिटर पाणी मिळतं. एखादा फ्लश मिनिटाला पाव लिटर गळत असेल, तर पंप अर्ध्या तासाने जागा होतो. हवाच निघून गेली असेल, तर काही सेकंदांनी. मोटारगाडीच्या टायरला असते तशीच पिन टाकीला असते, आणि हवा टायरच्याच गेजने मोजता येते.